म्युनिकमध्ये एका सत्रापुरती खोली: निवडपत्र हाती आल्यापासून अनामत परत मिळेपर्यंत

परदेशी विद्यापीठात एका सत्रासाठी निवड झाली की घरात पेढे येतात, पासपोर्टची मुदत तपासली जाते, थंडीच्या कपड्यांच्या याद्या होतात. राहण्याचा प्रश्न मात्र ‘विद्यापीठ बघेल काहीतरी’ या भरवशावर शेवटपर्यंत पडून राहतो. पुण्याहून हिवाळी सत्रासाठी मी म्युनिकला गेले तेव्हा माझे अगदी असेच झाले आणि जुलै-ऑगस्टचे दोन महिने माझा व घरच्यांचा जीव टांगणीला लागला. त्या दोन महिन्यांत जे कळले ते आधी कळले असते तर बराच त्रास वाचला असता, म्हणून हा लेख क्रमवार लिहीत आहे. भाड्याचे आकडे म्युनिकचे आहेत. कायदे आणि कागदपत्रे यांबाबतची माहिती मात्र जर्मनीतील कोणत्याही शहरात उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. तुम्हाला झोपण्यापुरती जागा नको आहे, सरकारदरबारी नोंदवता येईल असा पत्ता हवा आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका गरजेशी जोडलेली आहे.

१. वसतिगृह कोणाचे, हे आधी समजून घ्या

आपल्याकडे महाविद्यालय आणि वसतिगृह एकाच आवारात आणि एकाच कार्यालयाच्या अखत्यारीत असते, त्यामुळे प्रवेश मिळाला की वसतिगृहाचा अर्ज आपोआप हाती येतो. जर्मनीत तसे नाही. तेथील विद्यार्थी वसतिगृहे आणि विद्यार्थ्यांच्या खानावळी ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ नावाची स्वतंत्र संस्था चालवते. म्युनिकमध्ये तिचे नाव श्टुडिएरेंडेनवेर्क म्युन्शेन ओबरबायर्न असे आहे आणि शहरातील अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी तिच्याकडे एकाच वेळी अर्ज करतात. विद्यापीठाचे प्रवेशपत्र मिळणे म्हणजे खोली मिळणे नव्हे.

मात्र आदानप्रदान कार्यक्रमातून येणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट असते. यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे वसतिगृहांतील काही खोल्या राखीव असतात आणि त्यांचे वाटप तो विभाग करतो. सामान्य रांगेत कित्येक सत्रे थांबावे लागते, ते या वाटेने टळू शकते. म्हणून निवडीची बातमी येताच त्या विभागाला पत्र लिहून तीन प्रश्न विचारा: आमच्यासाठी राखीव खोल्या आहेत का, अर्ज कोठे करायचा आणि शेवटची तारीख कोणती. खोलीची शेवटची तारीख प्रवेशअर्जाच्या तारखेहून वेगळी असू शकते, आणि माझी गफलत नेमकी येथेच झाली. प्रवेशअर्जातील ‘निवासाची गरज आहे’ या चौकटीत मी खूण केली आणि निश्चिंत राहिले. ती खूण केवळ माहितीसाठी होती. खोलीचा अर्ज निराळा भरायचा होता आणि मला ते कळेपर्यंत त्याची मुदत संपली होती.

२. अर्ज करताना आवडीनिवडी बाजूला ठेवा

अर्जात कोणत्या प्रकारची खोली हवी हे विचारलेले असते. स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली एकट्याची खोली सर्वांनाच हवी असते. एका मजल्यावर दहा-बारा जणांत एक स्वयंपाकघर असलेली खोली स्वस्त असते आणि मिळण्याची शक्यताही जास्त असते. पाच-सहा महिन्यांसाठी जायचे असेल तर सामाईक स्वयंपाकघर मुळीच वाईट नाही. माझ्या जर्मन भाषेचा निम्मा सराव भांडी घासताना झाला आहे.

ऑलिम्पिक ग्राम हे नाव तुमच्या कानावर पडेलच. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये महिला खेळाडूंची जेथे सोय केली होती, तेथे आज विद्यार्थ्यांसाठी हजाराहून अधिक छोटे बंगले आहेत. जुने बंगले पाडून २००७ ते २०१० या काळात ते नव्याने बांधले गेले. राहणारे विद्यार्थी आपापल्या दाराची दर्शनी भिंत हौसेने रंगवतात. ती वसाहत पाहून मन हरखते, पण केवळ तिच्यासाठी अडून बसू नका. दुसरे मोठे नाव श्टुडेंटेनश्टाट, म्हणजे उत्तरेकडील फ्रायमान भागातील विद्यार्थीनगर. तेथे २०२१ साली एका उंच इमारतीत आग लागली आणि पुढे अनेक इमारती दुरुस्तीसाठी रिकाम्या कराव्या लागल्या. त्यामुळे शहरात मुळातच कमी असलेल्या खोल्या आणखी कमी झाल्या. जी खोली देऊ करतील ती घ्या; पहिला देकार नाकारल्यास दुसरा येईलच याची खात्री नसते.

३. भाड्याचे खरे गणित करा

जाहिरातीत दोन शब्द दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटर, पाणी, कचरा, जिना-सफाई इत्यादी खर्च धरून होणारे भाडे. शब्दशः ‘थंड’ आणि ‘गरम’ भाडे. तुलना नेहमी गरम भाड्याची करा आणि वीज व इंटरनेट त्यात धरले आहे का, हे वेगळे विचारून घ्या.

विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते आणि ती दरमहा हप्त्याने हातात येते. म्युनिक हे जर्मनीतील सर्वांत महाग भाड्याचे शहर आहे. खासगी सामाईक घरातील एका खोलीला सातशे-आठशे युरो सहज पडतात, तर वसतिगृहात साधारण त्याच्या निम्म्यात भागते. आठशे युरो भाडे दिल्यावर उरलेल्या एकशे ब्याण्णव युरोंत जेवण, विमा आणि प्रवास बसवणे अशक्यप्राय आहे. हा हिशेब घरच्यांसमोर आताच मांडा, कारण ऐनवेळी करावी लागणारी पदरमोड सर्वांनाच जड जाते.

याशिवाय रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क दरमहा १८.३६ युरो असते. ते माणसामागे नसून घरामागे असते. सामाईक घरात कोणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की पुरते. त्यासंबंधीचे पत्र आले की जाहिरात समजून फेकून देऊ नका.

४. नकाशा पाहा, मग भाग ठरवा

तुमचे वर्ग नेमके कोठे भरणार हे आधी पाहा. तांत्रिक विद्यापीठाचे अनेक अभियांत्रिकी व विज्ञान विभाग शहराबाहेर गार्शिंगला आहेत, जीवशास्त्र आणि शेतीशी संबंधित विभाग फ्रायझिंगला आहेत, तर लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठाची मुख्य इमारत शहराच्या मध्यभागी आहे. यू-६ ही भुयारी रेल्वे मध्यवर्ती भागातून थेट गार्शिंगपर्यंत जाते, त्यामुळे त्या मार्गावरील कोणतेही स्थानक सोयीचे. खोली शहराबाहेर मिळाली तरी घाबरू नका. देशभरातील स्थानिक गाड्यांत चालणारे डॉइचलांड-टिकीट जानेवारी २०२६ पासून दरमहा ६३ युरोंना मिळते, आणि भाड्यातील फरक बहुधा त्याहून मोठा असतो. डोंबिवलीहून चर्चगेटला शिकायला जाणाऱ्यांना त्या प्रवासाचे काहीच वाटणार नाही.

५. वसतिगृह न मिळाल्यास ‘वे-गे’ आणि ‘स्विशेनमीटे’

‘वे-गे’ म्हणजे काही जणांनी मिळून भाड्याने घेतलेले घर. त्यातील एक खोली रिकामी झाली की उरलेले रहिवासी नव्या माणसाची निवड करतात. ‘स्विशेनमीटे’ म्हणजे मूळ भाडेकरू काही महिने बाहेर असताना त्याची सामानासह खोली तात्पुरती घेणे. एका सत्रासाठी जाणाऱ्याला हा दुसरा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण पलंग, टेबल, दिवे सगळे असते. ही सोय क्षुल्लक समजू नका. जर्मनीत रिकामे घर म्हणजे खरोखरच रिकामे घर असते. छताला दिव्याऐवजी नुसत्या वायरी लोंबत असतात आणि पुष्कळदा ओटाही आधीचा भाडेकरू काढून नेतो.

अशा खोल्या शोधण्यासाठी ‘वे-गे गेझुख्ट’ हे संकेतस्थळ सर्वाधिक वापरले जाते. तेथे एका जाहिरातीला शेकडो उत्तरे येतात, म्हणून साचेबंद मजकूर सर्वांना पाठवू नका. जाहिरात पूर्ण वाचा आणि तिच्यातील एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून आठ-दहा ओळींचे पत्र लिहा: तुम्ही कोण, काय शिकता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खोली हवी, भाड्याची व्यवस्था कशी आहे आणि घरात तुम्ही कसे वागता. मोडकीतोडकी का होईना, जर्मन वापरा. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात दोन पातळ्या केल्या असतील तर तेवढे पुरेसे आहे. मी सत्तरेक पत्रे लिहिली. नऊ उत्तरे आली, चार जणांनी व्हिडिओ कॉलवर बोलावले आणि शेवटी एका घराने हो म्हटले. त्या घरातील मुलीने मला नंतर सांगितले की त्यांच्या स्वयंपाकघरातील खिडकीतल्या तुळशीसारख्या रोपाबद्दल फक्त मी विचारले होते, म्हणून माझे पत्र त्यांच्या लक्षात राहिले.

घरमालक ‘शुफा’ मागतात. शुफा म्हणजे माणसाची आर्थिक पत दाखवणारा त्या देशातील दाखला, आणि नवख्या माणसाकडे तो असूच शकत नाही. तसे सरळ सांगा आणि त्याऐवजी प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा पुरावा व शिष्यवृत्तीचे पत्र द्या.

६. फसवणूक कशी ओळखावी

या पायरीवर थोडे थांबून वाचा, कारण येथे गेलेले पैसे परत येत नाहीत.

श्वाबिंग हा विद्यापीठाजवळचा महागडा भाग. तेथे उतरत्या छताची, लाकडी जमिनीची सुंदर खोली मला ४२० युरोंत मिळत होती. मालकीणबाई फार अगत्याने लिहीत होत्या. आपण कामासाठी परदेशात आहोत, चावी कुरिअरने येईल, तुम्ही अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे पाठवा, खोली पसंत पडली नाही तर पैसे परत देऊ, असा मजकूर होता. मी बँकेत जायच्या तयारीत होते. माझ्या दादाने फोटो मोठा करून पाहिला आणि भिंतीतील प्लगवर बोट ठेवले. त्याला तीन चौकोनी भोके होती. जर्मनीत प्लग गोल, आत गेलेला आणि दोन भोकांचा असतो. तीन चौकोनी भोके इंग्लंडमध्ये असतात. ती खोली म्युनिकमध्ये नव्हतीच.

तेव्हापासून मी काही नियम पाळले आणि तुम्हीही ते पाळा. खोली प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय आणि सही झालेला करार हाती आल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. व्हिडिओवर खिडकी उघडून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगावे. खरा माणूस हे हसत करतो. फोटो इंटरनेटवर अन्यत्र वापरले आहेत का ते चित्रशोधाने तपासावे. वेस्टर्न युनियनसारख्या मार्गाने रक्कम मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. पासपोर्टची प्रत पहिल्याच पत्रात मागितली तर देऊ नये. करारासाठी द्यावीच लागली तर तीवर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असे तारखेसह आडवे लिहावे. तुमच्या प्रतीचा वापर पुढच्या विद्यार्थ्याला फसवण्यासाठी होऊ शकतो.

७. करारावर सही करण्यापूर्वी

चार गोष्टी तपासा.

पहिली, नोंदणी. या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे सरकारी पत्तानोंदणी, करता येईल का, हे लेखी विचारा. ‘नोंदणी शक्य नाही’ असे म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

दुसरी, पोटभाड्याची परवानगी. मूळ भाडेकरूकडून खोली घेत असाल तर घरमालकाची संमती लागते. ती लेखी मागा.

तिसरी, मुदत. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे मानतात, पण हिवाळी व्याख्याने फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच संपतात. ठरावीक मुदतीचा करार मध्येच मोडता येत नाही, त्यामुळे तुम्ही फेब्रुवारीअखेर परतलात तरी मार्चचे भाडे द्यावे लागू शकते. बेमुदत करार असेल तर भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो.

चौथी, अनामत, म्हणजे ‘काउत्सिओन’. कायद्याने ती तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त असू शकत नाही, आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे.

८. भारतातून पैसे पाठवताना

बँकेत भाडेकरार, पॅन, पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-२ अर्ज लागतो. पैसे पोहोचायला काही दिवस जातात, म्हणून शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाठवा. मधल्या बँका आपले शुल्क वाटेतच कापून घेतात आणि पलीकडे पंधरा-वीस युरो कमी जमा होतात. मग ‘अनामत अपुरी आहे’ असे पत्र येते. ते टाळण्यासाठी सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, असा पर्याय अर्जावर निवडा. पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवा.

पहिल्या महिन्याचे भाडे आणि पंधरा दिवसांचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटवर अवलंबून ठेवू नका. ते खाते तेथे पोहोचल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो.

९. पोहोचण्याचा दिवस निवडताना

ऑक्टोबरफेस्ट नावाचा उत्सव सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास संपतो. परदेशी विद्यार्थ्यांचे परिचयसत्रही याच सुमारास असते. या काळात शहरातील हॉटेले आणि होस्टेले भरलेली असतात आणि उरलेल्यांचे दर कित्येक पट चढतात. खोलीचा ताबा १ ऑक्टोबरला मिळणार असेल आणि तुम्ही २५ सप्टेंबरला उतरणार असाल तर मधल्या रात्रींची सोय विमानाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा.

वसतिगृहाची किल्ली ‘हाउसमाइस्टर’, म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक देतो, आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असतात. शनिवारी संध्याकाळी पोहोचलात तर सोमवारपर्यंत किल्ली नाही. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते. रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकाने तेवढी उघडी मिळतात. खोलीत गादी असते, चादर-पांघरूण बहुधा नसते; एक चादर आणि पातळ दुलई सामानात असू द्या.

१०. ताबा घेताना

‘युबरगाबेप्रोटोकोल’ म्हणजे ताबा घेतानाची नोंद. तिच्यावर घाईने सही करू नका. माझ्या टेबलावर गरम भांड्याचा पांढरा गोल डाग होता आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बुरशीचा काळा ठिपका होता. व्यवस्थापक गृहस्थ दाराशी उभे होते, मला अवघडल्यासारखे झाले, तरी दोन्ही गोष्टी नोंदीत लिहून घेतल्या आणि फोटो काढले. पाच महिन्यांनी त्या दोन ओळींमुळे माझी अनामत कापली गेली नाही.

बुरशीबद्दल आणखी एक सांगते. आपल्या स्वयंपाकात कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर बराच होतो, आणि थंडीत खिडक्या बंद असतात. त्या ओलाव्याने बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूकडून मागितला जातो. दिवसातून दोन-तीनदा, हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडी ठेवा. जर्मन घरात हे दात घासण्याइतके गृहीत धरलेले असते.

आणि पत्रपेटीवर पहिल्याच दिवशी आपले नाव लावा. जर्मनीत खोली क्रमांकावर पत्र येत नाही, नावावर येते. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझे बँकेचे गुप्त क्रमांकाचे पत्र असेच परत गेले आणि तीन आठवडे कार्ड निरुपयोगी राहिले. कागदाची चिठ्ठी आणि चिकटपट्टी एवढ्यानेही भागते.

११. नोंदणी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर प्रशासनाच्या ‘ब्युर्गरब्युरो’त पत्त्याची नोंदणी करावी लागते. जाताना हे न्या:

– पासपोर्ट आणि व्हिसा
– भरलेला नोंदणीअर्ज
– ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही येथे राहायला आला आहात असे घर देणाऱ्याने सही करून दिलेले पत्र

भाडेकरार हा या तिसऱ्या कागदाला पर्याय होत नाही, येथे अनेक जण फसतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरमध्ये ती लवकर मिळत नाही, म्हणून भारतातूनच पाहत राहा. उशिराची वेळ मिळाली तर तिचा पुरावा जवळ ठेवा. नोंदणी झाली की मिळणाऱ्या दाखल्यावर पुढे बँक, करक्रमांक आणि गरज पडल्यास निवासपरवान्याची मुदतवाढ अवलंबून असते.

१२. खोली सोडताना

निघण्याच्या महिनाभर आधी ताबा परत देण्याची तारीख व्यवस्थापकाकडून लेखी घ्या आणि ती विमानाच्या किमान एक दिवस आधीची असू द्या. भिंतीतील खिळ्यांची भोके बुजवा, फ्रीज वितळवून पुसा, ओव्हन घासा. पुन्हा नोंद करा, पुन्हा फोटो काढा.

देश सोडताना पत्त्याची नोंद रद्दही करावी लागते. ती निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येते. ती केली नाही तर दूरचित्रवाणी शुल्काची मागणी तुमच्या नावावर चालूच राहते.

अनामत त्याच दिवशी मिळत नाही. वसतिगृहे काही आठवडे घेतात, खासगी मालक हीटरच्या खर्चाचा हिशेब लागेपर्यंत काही महिने घेऊ शकतात. तोवर तुम्ही भारतात परतलेले असता. म्हणून जर्मन बँकेचे खाते घाईने बंद करू नका. अनामत जमा झाल्याचे पाहा, रक्कम इकडे वळवा आणि मग ते खाते बंद करण्याचे पत्र पाठवा. माझी अनामत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, कोणतीही कपात न होता जमा झाली.